पहिल्या ओळीच्या आधी

१

सकाळचे पावणेनऊ झाले की दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत चार खुर्च्या सरकायच्या, चार पर्स टेबलांच्या कडेला लटकायच्या आणि कुणीतरी पंख्याचं बटण दाबायचं. नऊ वाजता फोन सुरू व्हायचे.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा, हे त्या केंद्राचं काम. झोप लागली का, औषध घेतलं का, काही हवंय का, एवढंच विचारायचं. फोन उचलला नाही तर स्कूटरवरून एक परिचारक घरी जाऊन बघून यायचा. त्याला सगळे थट्टेने डॉक्टर म्हणत आणि तोही मान डोलवून ते मानधनात धरून घेई.

फोन करणाऱ्या चौघींसमोर पडदे होते. पडद्यावर एका वेळी एकच माणूस दिसे: वय, पत्ता, नंबर, पूर्वीचा व्यवसाय, शेवटचं बोलणं कधी झालं, शेरा. बोलणं झालं की 'पुढची' हे बटण दाबायचं. हा प्रोग्राम लिहिला होता बारकीने.

भावंडांत शेवटची म्हणून वडिलांनी तिला बारकी म्हणायला सुरुवात केली होती. आता ती सेहेचाळीस वर्षांची झाली होती, तरी घरी ती बारकीच. केंद्रात मात्र सगळ्या तिला ताई म्हणत. कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसून ती प्रोग्रामची दुरुस्ती पाही, आणि नऊ ते अकरा कान मात्र खोलीकडे लावून बसे. साठ-बासष्ट माणसांच्या त्या यादीत तिचे स्वतःचे वडीलही होते. बसने तीन तासांवरच्या गावी ते एकटे राहत. सगळं आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात गेलं, आणि आता "तुझ्या घरात मला उजेड पुरत नाही" म्हणून तिच्याकडे यायला तयार नव्हते. तिनेच त्यांचं नाव यादीत घातलं होतं. रोज त्यांची चौकशी होते या भरवशावर तिचा स्वतःचा फोन रविवारवर गेला होता.

त्या रविवारी वडील म्हणाले, "तुमच्याकडच्या त्या दोघींतली पहिली बाई फार गोड बोलते हं, बारके."

"दोघी कुठल्या, बाबा? एकच फोन येतो तुम्हाला."

"मी अजून बोटं मोजू शकतो. एक येतो नऊला पाच कमी असताना. मग नऊनंतर त्या खिदळणारीचा."

बारकी हसली. म्हातारपणी दिवसांची सरमिसळ होते, कालचं आज वाटतं. तिने विषय बदलला.

२

खिदळणारी म्हणजे हसरी, चौघींतली सगळ्यात धाकटी. तिनेच बारकीमागे लकडा लावला होता.

"ताई, आम्हाला 'मागची' असं पण बटण द्या ना. 'पुढची' दाबलं की गेलं ते माणूस. शेरा लिहायचा राहिला तर मी काय त्यांना स्वप्नात विचारू?"

"आधी शेरा लिहावा, मग बटण दाबावं."

"ते हुशार बायकांचं झालं. माझं काय?"

बारकीने बुधवारी ते बटण करून दिलं. गुरुवारी सकाळी सव्वानऊला हसरीने खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारली.

"ताई, तुमचं बटण जरा जास्तच मागे जातंय."

"म्हणजे?"

"मी गंमत म्हणून मागे मागे गेले. आज आपण पहिला फोन केला ते पोस्टमन आजोबा. त्यांच्यापाशी थांबायला हवं ना? पण त्यांच्याही मागे एक बाई आहेत."

बारकी उठून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर खरंच एक बाई होत्या. वय एक्क्याऐंशी. व्यवसाय: टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, निवृत्त. शेऱ्यात कुणीतरी कागदी वहीच्या काळात लिहिलेलं जसंच्या तसं उतरवलं होतं: 'पहिल्या घंटेलाच उचलतात. आपल्या फोनची वाट पाहत बसलेल्या असतात.'

"ह्यांना कोण फोन करतं गं?" हसरीने बाकीच्या तिघींना विचारलं. तिघींनी माना हलवल्या. प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी कुणीतरी करत असेल.

बारकीची नजर शेवटच्या बोलण्याच्या तारखेवर गेली. सात महिन्यांपूर्वीची तारीख होती. तिचा प्रोग्राम सुरू झाला त्याच्या आदल्या दिवसाची.

३

आपल्या टेबलापाशी येऊन तिने सात महिन्यांपूर्वी स्वतःच लिहिलेल्या ओळी उघडल्या. चूक सापडायला मिनिटभरही लागलं नाही.

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तराच्या ओळी मिळतात, एकाखाली एक, आणि त्यांच्यावरून एक कर्सर फिरतो. तो ज्या ओळीवर असेल ती ओळ वाचायची. पण उत्तर नुकतं हाती येतं तेव्हा कर्सर पहिल्या ओळीवर नसतो. तो पहिल्या ओळीच्या आधी उभा असतो, जिथे काहीच नाही अशा जागेवर. 'नेक्स्ट' म्हटलं की तो एक पाऊल टाकतो आणि पहिल्या ओळीवर येतो. हे शिकाऊ मुलींनाही पहिल्या आठवड्यात सांगतात. बारकीने स्वतः कितीजणींना सांगितलं होतं.

यादी रिकामी तर नाही ना, हे पाहायला तिने आधी एकदा 'नेक्स्ट' म्हटलं होतं. ओळ सापडली, म्हणजे यादी रिकामी नाही. मग वाचायला सुरुवात करताना तिने पुन्हा 'नेक्स्ट' म्हटलं होतं. झालं. कर्सर पहिल्या ओळीवर येऊन, तिच्याकडे न बघता, दुसरीवर गेला होता. पहिली ओळ वाचलीच गेली नाही.

एवढंच असतं तर रोज वेगळं माणूस सुटलं असतं आणि दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. पण यादीचा क्रमही बारकीनेच लावला होता, मोठ्या मायेने: ज्याच्याशी बोलून सगळ्यात जास्त दिवस झाले ते माणूस सगळ्यात वर. ऑपरेटर बाई पहिल्या दिवशी सुटल्या. बोलणं झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वर आल्या, आणि वर होत्या म्हणून पुन्हा सुटल्या. जितके दिवस सुटत गेल्या तितक्या त्या पहिल्या जागेवर घट्ट होत गेल्या.

पहिल्या घंटेलाच उचलतात.

बारकी पाणी प्यायली, आणि भांडं खाली ठेवताना ते टेबलाच्या कडेवर आपटलं.

"काय झालं ताई?" हसरी म्हणाली.

"काही नाही. जुन्या माहितीत गोंधळ दिसतोय," ती म्हणाली, आणि आपण खोटं बोललो हे तिच्या लगेच लक्षात आलं.

४

तिने नंबर लावला. सेवा बंद असल्याची ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली. मग तिने डॉक्टरला पत्ता दिला आणि सांगितलं की शक्य तितक्या लवकर जा.

दुपारी दोनला तो परत आला. नेहमी जिन्यावरूनच काहीतरी ओरडत यायचा, आज सरळ येऊन तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"त्या गेल्या, ताई. सहा महिने होऊन गेले. आपल्याला कुणी कळवलंच नाही. कळवायला त्यांचं होतं कोण?"

"कशाने?"

"घरमालकीण सांगत होती, म्हातारपणानेच. पण..." त्याने हेल्मेट या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "शेवटचे नऊ-दहा दिवस त्या फोनपासून हलल्याच नाहीत म्हणे. मालकीण जेवायला बोलवायची तर म्हणायच्या, मी उठले आणि नेमका वाजला तर? त्यांना वाटायचं लाइनीत बिघाड आहे. सारखा रिसीव्हर उचलून बघायच्या. आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेलेलं ना. म्हणायच्या, दुसरीकडून जोडता येतं का बघते. खुर्चीतच गेल्या."

"खोलीत आता कोण आहे?"

"कुणी नाही. भाडेकरू टिकत नाही म्हणाली. मी विचारलं का, तर म्हणाली, सकाळच्या वेळी कुणीतरी बोलतं असं वाटतं म्हणे लोकांना." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "जुनी इमारत, पातळ भिंती. शेजारचाच आवाज असणार."

"किती वाजता?" बारकीने विचारलं.

"हे मी कशाला विचारू, ताई?"

५

तिने चूक दुरुस्त केली. एक 'नेक्स्ट' काढून टाकला, तीन वेळा तपासलं. मग ऑपरेटर बाईंची ओळ यादीतून काढली. गेलेल्या माणसांच्या ओळी काढायच्या हा नियमच होता, आणि आजवर तिने अशा कितीतरी काढल्या होत्या. या वेळी मात्र पडद्याने 'नक्की काढायची?' असं विचारलं तेव्हा तिचं बोट बराच वेळ वरच राहिलं.

शुक्रवारी तिने आधी यादी आपल्या टेबलावर उघडली आणि प्रोग्राम एकेक पाऊल चालवून पाहिला. पहिली ओळ, पोस्टमन आजोबा. बरोबर. आता 'मागची'. कर्सर पहिलीच्या आधी जाईल, कोरा पडदा येईल, तेही बरोबर.

पडदा कोरा आला. पण तिला जागेची खात्री करून घ्यायची होती. कर्सर कुठे उभा आहे हे प्रोग्रामला विचारता येतं. तिने विचारलं: पहिल्या ओळीच्या आधी, रिकाम्या जागेवर आहे का?

उत्तर आलं: नाही.

तिने ओळीचा क्रमांक विचारला. शून्य.

कर्सर पहिल्या ओळीवर असेल तर क्रमांक एक यायला हवा. शून्यावर असेल तर ती जागा रिकामीच असायला हवी. ती रिकामी नाही, असं यंत्र म्हणत होतं. तिने प्रोग्राम बंद करून पुन्हा चालवला. मशीन बंद करून सुरू केलं. यादीची नक्कल काढून तिच्यावर चालवला. नाही, शून्य. नाही, शून्य. काहीतरी जुळत नाहीये, ती स्वतःला सांगत राहिली, कुठल्यातरी आवृत्तीचा घोळ असेल, असले घोळ मी शंभर वेळा पाहिलेत. तिने डोळे चोळले, घड्याळाकडे पाहिलं. नऊला पाच कमी होते.

काही विचार न करता तिने फोन उचलला आणि वडिलांचा नंबर लावला.

एंगेज.

खोलीत अजून एकीनेही फोन उचललेला नव्हता. हसरी पर्समधून कंगवा काढत होती, दुसऱ्या दोघी खिडकीशी उभ्या राहून भाजीच्या भावावर बोलत होत्या. बारकी पुन्हापुन्हा नंबर लावत राहिली. एंगेज. एंगेज. बरोबर नऊ वाजता घंटा वाजू लागली.

"हॅलो? बोल खिदळे," वडील आनंदाने म्हणाले.

"बाबा, मी आहे."

"तू? शुक्रवारी? कोण गेलं?"

६

"आत्ता कोणाशी बोलत होतात, बाबा?"

"सांगितलं ना तुला. ती पहिली."

"काय म्हणते ती?"

"काय म्हणणार. झोप लागली का, औषध घेतलं का. पण तुमच्या बायका विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुढे पळतात. ही ऐकते. मी बोललो नाही तरी थांबते. नुसती थांबून राहते लाइनीवर."

"केव्हापासून येतोय तिचा फोन?"

"झाले असतील सहा-सात महिने. थंडी होती."

बारकीने टेबलाची कड धरली. "बाबा, माझं ऐका. उद्यापासून नऊच्या आधी आलेला फोन उचलू नका."

"का?"

खरं कारण फोनवर, चौघींसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं. "ती आमच्याकडची नाही."

"तुमच्याकडचीच आहे. माझी औषधं तिला पाठ आहेत. तू सांग बघू, सकाळची पांढरी गोळी कसली?"

बारकीला सांगता आलं नाही.

"बघ," वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याने तिला जास्तच लागलं. "आणि न उचलून कसं चालेल, बारके? एखादं माणूस घंटा देत बसलंय आणि आपण नुसतं ऐकत राहायचं? त्याच्या जिवाला काय वाटेल?"

बारकीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आज जरा वेगळंच बोलली पण. म्हणाली, यादीतून आता मला काढलंय, त्यामुळे फोनवर भेट होणार नाही. मी म्हटलं, अरेरे. तर म्हणाली, काही काळजी करू नका, मी घरीच येते. उद्या नऊला." वडिलांच्या आवाजात लगबग आली. "चांगला शर्ट इस्त्री करून ठेवायला हवा."

"बाबा, दार उघडू नका. मी येतेय. मी उद्या येतेय. मी येईपर्यंत कुणालाही दार उघडायचं नाही, कळलं का तुम्हाला?"

"येतेस? खरंच?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "मग तर बरंच झालं. तीही म्हणालीच होती, मुलगी येईल म्हणून."

त्या गावी दिवसातून एकच, पहाटेची बस जायची आणि आजची निघून गेली होती. बारकी रात्रभर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि उजाडायच्या आत स्टँडवर जाऊन उभी राहिली.

७

बस वाटेत वीस मिनिटं बंद पडली. स्टँडवरून तिने टॅक्सी केली आणि वडिलांच्या इमारतीखाली टॅक्सीवाल्याला म्हणाली, "थांबा, मी लगेच वडिलांना घेऊन येते." नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन मजले ती एका दमात चढली.

दार उघडं होतं.

वडील समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. धडधाकट. तिला पाहून उठायला लागले तेव्हा तिला एकदम रडूच फुटलं. तिने त्यांचे दोन्ही खांदे धरले, गालाला हात लावून पाहिला. ऊब होती.

"अगं, हे काय? रडतेस काय वेड्यासारखी?"

"दार का उघडलंत, बाबा?"

"मी कुठे उघडलं? मला वाटलं, मीच रात्री लावायचं विसरलो." त्यांनी आवाज खाली आणला, पाहुणे ऐकतील म्हणून माणूस आणतो तसा. "आल्यात त्या. आत आहेत. हात धुताहेत."

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पलीकडे नळ चालू होता. पाणी भांड्यावर पडल्याचा नव्हता तो आवाज, हातांवरून पडल्याचा होता, कमी-जास्त होणारा. आत जाऊन पाहावं. नळच तर आहे. वडील विसरले असतील बंद करायला, जसं दार विसरले. तीन पावलं टाकली की दिसेल, मोरी रिकामी आहे. बारकीने एक पाऊल टाकलं.

नळ बंद झाला. चावी फिरल्याची कुरकुर तिने स्पष्ट ऐकली.

"बाबा," ती म्हणाली. "चला. माझ्याकडे राहायला चला. आत्ताच्या आत्ता. सामान मी नंतर नेईन."

नेहमी दहा सबबी सांगणारे वडील लगेच चपला शोधू लागले. "तेच ठरलंय आमचं. त्या म्हणाल्या, मुलगी न्यायला येईल, मग जाऊ तिच्याबरोबर. तुझ्यावर काही राग नाही म्हणाल्या हं त्यांचा."

"कशाचा राग?"

"ते मी कशाला विचारू? म्हणाल्या, होतं असं कामात. एखादं पाऊल जास्त पडतं."

बारकीने त्यांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच जिन्याकडे नेलं. मागे वळून पाहायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वडील एका हाताने कठडा धरून उतरत होते, दर मजल्यावर जरा थांबत होते. "दम लागला का?" तिने विचारलं. "मला नाही," ते म्हणाले.

इमारतीचा खालचा दरवाजा जड होता. वडिलांनी तो पाठीने लोटून धरला. बारकी बाहेर पडली तरी ते तसेच उभे राहिले, आणि मग जरा वेळाने त्यांनी दरवाजा सोडला.

टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडून दिलं. आधी बारकी आत शिरली आणि पलीकडच्या खिडकीशी न जाता मध्येच बसली, वडिलांना हाताला धरता यावं म्हणून. वडील वाकले, पण आत आले नाहीत. वळसा घालून ते पलीकडच्या दाराने येऊन बसले. अलीकडचं दार अजून उघडंच होतं. टॅक्सीवाला त्याच्यावर हात ठेवून उभा होता आणि बावरल्यासारखा बारकीकडे पाहत होता.

"लावा ना दार," ती म्हणाली. "चला, चला लवकर."

"लावतो की," तो हळूच म्हणाला. "आधी त्यांना बसू द्या."

बारकीने त्या उघड्या दाराकडे पाहिलं नाही. तिने समोरच्या सीटच्या पाठीवर, शिवणीतून सुटलेल्या एका दोऱ्यावर डोळे खिळवून ठेवले. कडेला, नजरेच्या अगदी टोकाशी, काठीवर टेकलेला एक ओला हात होता. तो वाट पाहत होता. घाई करत नव्हता.

"बारके," वडिलांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "सरक जरा."

ती सरकली.